बनिहालच्या मुन्शीचे आभार

चैत्र सरत आला की आमच्या गावच्या चौकात व्याख्यानमालेचा फळा लागतो आणि माझं डोकं फिरतं. पन्नास वर्षं झाली, तरी फिरतं. डॉक्टर म्हणतात, बाई, या वयात रागावू नका, बीपी वाढेल. मी त्यांची गोळी घेते आणि मग निवांत रागावते. काही राग लोणच्यासारखे असतात, मुरल्याशिवाय त्यांना चव येत नाही.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. कृष्णाकाठी हळद शिजवण्याचा हंगाम संपत आलेला असायचा, पण कढयांचा वास गावातून जाता जात नसे. बायकांची बोटं, पातळांचे पदर, पोरांचे गुडघे, सगळं पिवळं. साखर कारखान्याचा भोंगा बंद झालेला, त्यामुळे किती वाजले ते कुणालाच कळायचं नाही. नदी इतकी रोडावलेली की म्हशीसुद्धा बसायला जागा शोधायच्या. आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात जाजमं पडायची, लिंबाच्या फांदीला कर्णा बांधला जायचा, आणि कुणीतरी त्यात तीनदा फुंकर मारून गावाला सांगायचं की आज व्याख्यान आहे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. लोकांना रडकं काही ऐकायचं नव्हतं. नवभारताची उभारणी वगैरे विषय असला की जाजमावर कुत्री झोपायची. पण कुणी समुद्र पोहून आलेला, कुणी हिमालय चढून आलेला, कुणी पायी देश पालथा घातलेला माणूस येणार म्हटलं की बाया चुलीवरची भाकरी अर्धी टाकून यायच्या. स्वतः कधी मिरजेच्या पुढं न गेलेली माणसं त्या गोष्टी ऐकताना पायाची बोटं घट्ट आवळून बसायची. मी पाहिलंय. माझीही आवळली जायची.

आमच्या गावानं असे दोन गडी स्वतःच तयार केले होते. एक वकिलांचा अरविंद आणि दुसरा माझा थोरला भाऊ सोपान. अरविंद पुण्याला शिकून आलेला, दिसायला देखणा, आवाज असा की नुसतं पाणी मागितलं तरी ऐकत राहावंसं वाटावं. सोपानदादा हमीदचाचांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायचा. दोघांनी ठरवलं, सायकलवरून श्रीनगरला जायचं. वकिलांनी पोराला सायकल घेऊन द्यायला साफ नकार दिला आणि आमच्या घरी तर प्रश्नच नव्हता, म्हणून हमीदचाचांनी दुकानातल्या भाड्याच्या दोन सायकली काढून दिल्या. वेशीवर हार घातले, आईनं दादाच्या पिशवीत चटणीची पुरचुंडी कोंबली, आणि दोघं निघाले ते अडीच महिन्यांनी काळे ठिक्कर होऊन परत आले.

त्यांच्याजवळ एक जाड नोंदवही होती. असा लांबचा प्रवास करणारे सगळेच ती बाळगत. वाटेतलं पोस्ट, पोलीस चौकी, शाळा, जे लागेल तिथं शिक्का मारून घ्यायचा आणि दोन ओळी लिहून घ्यायच्या, म्हणजे घरी आल्यावर कुणी थापा म्हणू नये. ती वही अरविंदकडे राहिली, कारण भाषणं अरविंदला जमायची. दादाला स्टेजवर उभं केलं तर तो पहिलं वाक्य बोलायच्या आधी घामानं भिजायचा. “तूच सांग गड्या,” तो म्हणाला, आणि अरविंद सांगू लागला.

पहिल्या वर्षी त्यानं बरं सांगितलं. दोघं, आम्ही, आमचं. पण कीर्तन रंगायला आख्यान लागतं. दुसऱ्या वर्षी सातारा, सांगली, कऱ्हाड अशी आमंत्रणं येऊ लागली, आणि त्याच्या भाषणात एक ट्रक आला.

ते मी पहिल्यांदा ऐकलं वाईला. परीक्षेचा अभ्यास शांतपणे व्हावा म्हणून आईनं मला तिथं आत्याकडे पाठवलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, खाली नदीत देवळाचे दिवे हलत होते. अरविंदनं जम्मूच्या पुढचा तो घाट डोळ्यांसमोर उभा केला. पाऊस, गारठा, पोटात अन्न नाही. “माझा सोबती तिथं खचला,” तो खाली मान घालून म्हणाला. “मी त्याला दोष देत नाही. एक ट्रक थांबला, ड्रायव्हरजवळ एकाच माणसाची जागा होती, तो चढून बसला. मी एकटा उरलो आणि दोन सायकली. चढ असा की दोन्ही एकदम ढकलता येईनात. मग एक सायकल वळणापर्यंत न्यायची, तिथं ठेवायची, परत खाली यायचं, दुसरी न्यायची. मित्रहो, तो घाट मी एकदा नाही, तीनदा काढला.”

मग टाळ्या. मी पण वाजवल्या. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या. आणि मनात म्हटलं, दादा, तू ट्रकात बसलास? शेवटी त्यानं नोंदवही टेबलावर ठेवली. लोक रांगेनं पाहायला गेले. त्यात एक अख्खं पान उर्दूत होतं, अक्षर असं सुंदर की वेलबुट्टी काढावी. “ही बनिहालच्या पोलीस चौकीतल्या मुन्शीनं केलेली आमची तारीफ,” अरविंद सांगत होता. त्याला उर्दूचा अलिफसुद्धा येत नव्हता.

पेपर देऊन घरी गेले ती तडक दुकानात. दादा चाक उलटं करून तारा ओढत होता. मी विचारलं, “तू ट्रकात बसला होतास?”

त्यानं चाक फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिला. “कोन म्हनलं?”

“अरविंद. शंभर माणसांसमोर.”

“आसं म्हनला व्हय?” एवढंच. मग पुन्हा पान्हा उचलला. “जाऊ दे की गं शके. त्याला बोलाय येतंय, बोलू दे.”

हे काय उत्तर झालं? खोटं असतं तर माणूस उसळला असता, असं मला वाटलं. म्हणजे खरंच असणार. एकोणीस वर्षांच्या पोरीची अक्कल ती. तीन आठवडे मी त्याच्याशी धड बोलले नाही. भाकरी वाढताना ताट आपटायची. तो मुकाट्यानं जेवायचा आणि उठताना स्वतःचं ताट घासून ठेवायचा.

तोवर व्याख्यानातला तो ट्रक गावात पोचला होता. आमच्याकडं कुणाला एकदा नाव पडलं की ते सरणावरच जातं. दादाचं नाव पडलं ट्रक्या. पारावरची रिकामी टोळकी त्याला येताना बघून तोंडानं हॉर्न वाजवायची. “आला रं, ट्रक आला, बाजूला व्हा!” तासगावकडचं एक स्थळ जमत आलेलं होतं, त्या मंडळींनी निरोप धाडला की मुलगी इतक्यात द्यायची नाही. खरं कारण त्यांच्याच एका पाव्हण्यानं सांगितलं: सोबत्याला घाटात सोडून येणारा गडी पोरीला काय सांभाळणार? आईनं त्या दिवशी पदरात तोंड घालून हंबरडा फोडला. दादा गोठ्यात जाऊन बसला. मग मात्र मला ते पुन्हा एकदा कानांनी ऐकायचं होतं. राग यायला तरी तो नेमका कुणावर, हे कळायला हवं ना.

साताऱ्याला अरविंदचं व्याख्यान होतं आणि हमीदचाचांना तिथून सुटे भाग आणायचे होते. मी म्हटलं, चाचा, मी येते. चाचा साठीला आलेले, डोक्यावर जाळीची टोपी, बोटांच्या रेषांत वंगण बसलेलं. शाळा चौथीपर्यंत, पण लहानपणी मशिदीत उर्दू पक्कं शिकलेले. चेनची चार खोकी मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले आणि सगळं भाषण त्यांनी डोळे मिटून ऐकलं. घाट आला, ट्रक आला, तीन चढण्या आल्या, टाळ्या आल्या. मग आम्ही रांगेत लागलो. वही समोर आली. चाचांनी चष्मा लावला. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं, आणि मधेच एका ओळीवर थांबलं.

“काय लिहिलंय, चाचा?”

“भाईर चल, बेटी.”

एसटी स्टँडवर खोकी बाकड्यावर ठेवून त्यांनी मला सांगितलं. मुन्शीनं लिहिलं होतं: अरविंद नावाचा मुसाफिर काल संध्याकाळी ट्रकमधून आला. ताप नाही, जखम नाही, रात्री पोटभर जेवून झोपला. दुसरा, सोपान, आज दुपारी पायी आला, दोन सायकली घेऊन. त्यानं हा घाट तीनदा काढला.

मग मला रडू फुटलं ते असं की कंडक्टर विचारायला आला. अरविंदचा राग नंतर आला. आधी मला माझे तळवे आठवले. वाईच्या घाटावर मी माझ्याच भावाच्या पराक्रमाला टाळ्या दिल्या होत्या, आणि त्याच टाळ्यांनी त्याला नामर्द ठरवलं होतं. त्या वर्षी इतिहासाच्या पेपरात मी नापास झाले. व्हायलाच हवं होतं.

घरी आल्यावर दादाला म्हटलं, मला सगळं कळलंय. त्याचा चेहरा उतरला. “कुनाला सांगू नगंस. मी त्याला शबूद दिलाय. वाटंत लय रडला त्यो. म्हनला, बाऽला कळलं तर घरात घ्यायचा न्हाई. मी म्हनलं, न्हाई कळायचं.”

“तू गप्प राहायचा शब्द दिलास. त्यानं ट्रक तुझ्या डोक्यावर घातला!”

“त्येचं त्येच्यापाशी.”

असली माणसं मला कळत नाहीत. चांगुलपणा चांगला, कोण नाही म्हणतंय? पण चोर घर धुऊन नेतोय आणि मालक त्याला कंदील दाखवतोय, याला काय म्हणायचं? लोक म्हणतात सूड वाईट, सूडानं माणूस जळतो. मला विचारा. त्या महिनाभरात मला जेवण गोड लागत होतं, झोप गाढ लागत होती. विहिरीवर कळशी भरतानासुद्धा मी वाक्यं जुळवायची आणि हसायची. आई म्हणायची, कार्टीला काय झालंय?

कारण आमच्या गावची व्याख्यानमाला तेवढी उरली होती. शेवटचं पुष्प अरविंदचं, गावचा सुपुत्र म्हणून. आणि आभार मानायचं काम कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडे द्यावं, असं मंडळींच्या मनात आलं. मी आधी दोनदा नको म्हटलं. लगेच हो म्हटलं असतं तर संशय आला असता.

आभाराची आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुणी ऐकत नाही. वक्त्याच्या टाळ्या थांबल्या की माणसं उठतात, चपला शोधतात, पोरं खांद्यावर टाकतात, आणि आभार मानणारा बिचारा माईकवाल्यापासून जाजमवाल्यापर्यंत नावं वाचत एकटा उभा राहतो. म्हणून मी अध्यक्षांना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना, आधीच सांगून ठेवलं: सर, यंदा आभाराच्या वेळी नोंदवहीतलं उर्दू पान हमीदचाचा वाचून दाखवणार आहेत, लोकांना थांबायला सांगा. ते खूश झाले. अरविंदही खूश झाला. खरंच झाला. त्याला ते पान म्हणजे तारीफच वाटत होती. आपली वही आपल्या हातानं काढून, पान उघडून त्यानं चाचांपुढे ठेवली.

त्या संध्याकाळी दादा कुठं होता? पटांगणाबाहेर, सायकल स्टँडवर. व्याख्यानाला येणाऱ्यांच्या सायकली राखायचं काम दुकानाकडे असायचं. एक पत्र्याचा बिल्ला हँडलला, एक मालकाच्या हातात. श्रीनगरला सायकल नेलेला माणूस ती गोष्ट ऐकायला आलेल्या लोकांच्या सायकली सांभाळत बसला होता, आणि आतून कर्ण्यातून त्याच्या पायांची कहाणी दुसऱ्याच्या तोंडून येत होती. बिल्ला घेताना दोघातिघांनी हॉर्न वाजवलेला मी माझ्या कानांनी ऐकला.

घाट आला. ट्रक आला. लोक दाराकडे, स्टँडच्या दिशेनं बघून हसले. टाळ्या झाल्या. मी उठले. माईक तोंडापाशी ओढला.

“आभाराची यादी मोठी आहे,” मी म्हटलं, “पण पहिले आभार या पटांगणात नसलेल्या एका माणसाचे. बनिहालच्या चौकीतल्या मुन्शीचे. आपल्या गावच्या दोन मुलांबद्दल त्यांनी काय लिहिलं, ते ऐका.”

चाचांनी टोपी सारखी केली. एक ओळ उर्दूत वाचायची, मग मराठीत सांगायची. अरविंद नावाचा मुसाफिर काल संध्याकाळी ट्रकमधून आला. पटांगणात एकदम काही झालं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा चुकला. चाचांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पुढची: सोपान आज दुपारी पायी आला, दोन सायकली घेऊन. त्यानं हा घाट तीनदा काढला.

अरविंदनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून बसला. मी त्याच्याकडेच बघत होते, एक क्षणही डोळा हलवला नाही. मला ते दृश्य पुरेपूर हवं होतं आणि ते मला मिळालं.

पण चाचा थांबले नव्हते. पानावर आणखी एक ओळ होती, जी त्यांनी मला एसटी स्टँडवर सांगितलीच नव्हती. “मुन्शी लिहितो,” ते म्हणाले. “मी सोपानला विचारलं, जीव जात होता तर दुसरी सायकल टाकून का नाही दिलीस? तो म्हणाला, हमीदचाचाच्या आहेत. दोन दिल्यात, दोनच आणणार.”

चाचा चष्मा काढून उभे राहिले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं “अगं बाई” म्हणालं, आणि मग माणसं उठली. चपला न शोधता उठली. सगळं पटांगण स्टँडकडे लोटलं. दादा बिल्ल्यांची पिशवी घेऊन उभा होता, इतकी माणसं एकदम का आली ते त्याला समजेना. कर्ण्यातून ऐकलं होतं त्यानं, पण तोंड असं की चोरी याचीच पकडलीय. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला. “सोपाना, खरं हाय व्हय रं ह्ये? त्यो बसलता ट्रकात?”

दादानं माणसांच्या डोक्यावरून पाहिलं. मागं अरविंद उभा होता, हार गळ्यात तसाच.

“व्हय,” दादा म्हणाला. “पर त्याला ताप आलता. लय ताप. मीच बसीवला.”

मला वाटलं, खाली बसावं आणि जमिनीवर डोकं आपटावं. लोक म्हणाले, “आरं आरं, ताप व्हता व्हय!” आणि त्या तापाच्या आडोशानं अरविंद गर्दीतून निघून गेला. नोंदवही टेबलावरच राहिली. विसरला म्हणतात. न्यायला तोंड नव्हतं त्याला.

ताप! त्या पानावर साफ लिहिलं होतं, ताप नाही, जखम नाही, पोटभर जेवला. मग माझ्या ध्यानात आलं. ती ओळ चाचांनी स्टेजवर वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी त्यांना धारेवर धरलं. ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते.

“बेटी, मारायला एक काठी पुरती. दुसरी कशाला?”

दोघं मिळून माझ्या सुडाचा अर्धा घास पळवून गेले. निम्मा मिळाला, हे खरं. हॉर्न त्या दिवसापासून बंद झाला. तासगावची मंडळी स्वतःहून परत आली, दिवाळीनंतर वहिनी घरात आली, आणि लग्नात चाचांनी जी सायकल दिली ती कोणती, हे सांगायला नको. अरविंदची भाषणं आमच्या भागात पुन्हा झाली नाहीत. तो पुण्यात स्थायिक झाला, तीन वर्षांपूर्वी गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी कुठं बोलतेय? मुन्शीनं लिहिलेलं सांगतेय.

वही परत धाड म्हणून दादा माझ्या मागं लागला होता. धाडली, असं मी त्याला सांगितलं. ती माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. दर चैत्रात फळा लागला की काढते, उन्हात ठेवते, वाळवी बघते. हळद आता यंत्रात शिजते, गावात वास येत नाही, पण त्या पानांना अजून येतो.

यंदा फळ्यावर शेवटचं नाव सोपानदादाचं आहे. अठ्ठ्याहत्तरीला गावाला आठवण झाली. मंडळी बोलवायला गेली तेव्हा तो म्हणाला, “आवं, मला काय बोलाय येतंय?” खूप आग्रह केला तेव्हा कबूल झाला, पण अट घातली. आभार शकीनं मानायचे न्हाईत.

मी म्हटलं, बरं. नाही मानत.

पण पहिल्या रांगेत बसणार आहे, पिशवीत वही घेऊन. म्हातारपणी मी उर्दू वाचायला शिकले, चाचांच्या नातवाकडून, एवढ्या एका पानासाठी. दादाला मी ओळखते. घाट येईल, ट्रक येईल, आणि त्याच्या तोंडून ‘ताप’ हा शब्द निघेल. तो निघाला की मी उठणार आणि ती ओळ मोठ्यानं वाचणार. गाळायला आता चाचा नाहीत.